रुमालाखालचा हात

निवृत्त झाल्यावर लोक माणसाला दोन गोष्टी विचारतात. आता वेळ कसा जातो, आणि तुम्ही नेमकं काय करत होता? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नातीला शाळेत सोडतो, रनाळ्याला शेतावर चक्कर मारतो आणि शेती कशी करावी हे भावाला त्याने न विचारता सांगतो. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र माझी अजून झटापट होते. "मेल सर्व्हर सांभाळायचो," असं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विषय कापसावर नेतो. आमच्या सौ. याहून थेट बोलतात. "यांनी अठरा वर्षं एका डब्याची राखण केली," असं त्या पाहुण्यांना सांगतात, आणि खोटं काही सांगत नाहीत.

तो डबा नंदुरबारातल्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात होता. संस्थेच्या बावीस शाळा, काही तापीकाठी, काही नवापूरकडे, काही पार सातपुड्याच्या वर. आमचे अध्यक्ष आबासाहेब फार मानी माणूस. सगळं जग फुकटचे ईमेल पत्ते वापरत होतं तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "पाटील, आपण काय दुसऱ्याच्या ओट्यावर बसून आपली पत्रं वाचायची? संस्थेच्या नावाचा पत्ता पाहिजे आणि पेटीही आपल्याच घरात पाहिजे." मग विज्ञान शाळेची जुनी सामानखोली रिकामी झाली. रिकामी म्हणजे, बरण्या गेल्या, पण प्लॅस्टिकचा सांगाडा राहिला, कारण तो कोणाच्या यादीवर नव्हता. एका कोपऱ्यात सांगाडा, दुसऱ्या कोपऱ्यात सर्व्हर, आणि मधे मी. आम्हा तिघांत जास्त कुरकुर कोण करायचं, हे सांगायला नको.

आता धंद्याची गोष्ट थोडी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुम्ही पत्र पाठवता तेव्हा तुमचा संगणक आधी सर्व्हरला विचारतो, बाबा, तू खरंच तोच का? सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. आपला दाखलाच म्हणा. त्यावर तीन गोष्टी बघायच्या. नाव बरोबर आहे का, मुदत शिल्लक आहे का आणि सही कोणाची आहे. सही करणाऱ्या काही मान्यवर संस्था जगात आहेत, त्यांची सही असेल तर संगणक गप्प कामाला लागतो. तिन्हींतलं एकही चुकलं की पडदाभर लाल पाटी येते, धोका, परत फिरा. आणि त्याच पाटीच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, 'तरीही पुढे जा' असंही लिहिलेलं असतं. माझ्या आयुष्यातली बरीचशी पापं त्या बारीक अक्षरांत आहेत.

सुरुवातीला मी सर्व्हरला दाखला स्वतःच लिहून दिला आणि सहीही त्याचीच ठोकली. हल्ली सरकार स्वयंघोषणापत्र चालवून घेतं, संगणक घेत नाही. बावीसच्या बावीस शाळांत लाल पाटी झळकली. मी काय केलं? एक परिपत्रक काढलं. 'लाल पाटी आल्यास घाबरून जाऊ नये. खाली बारीक अक्षरांत तरीही पुढे जा असे लिहिलेले असते, ते दाबावे.' जावक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला. एकवीस शाळांनी ते भिंतीवर चिकटवलं. तेव्हा मला वाटलं, काय शक्कल काढली!

बाविसावी शाळा खांडबाऱ्याची, मुलींची. तिथले लिपिक आत्मारामबापू. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर लाल ठिपक्यांचा मोठा रुमाल. परिपत्रक पोचलं त्याच दिवशी त्यांचा फोन आला, नेहमीसारखा अहिराणीत.

"पाटील, हाई लाल पाटी काय म्हनस?"

"काही नही बापू. खाले बारीक अक्षर शेतना, ते दाबा नि पुढे चला."

"पन हात कोना शे, ते कसं समजी?"

हात कोणाचा? मला वाटलं, म्हातारा संगणकावर हात ठेवून बसलाय. मी म्हणालो, "हात तुम्हनाच शे बापू, दाबा." त्यांनी फोन ठेवला. पुढच्या सोमवारी गाडीत बसून आठवड्याचे सगळे कागद घेऊन ते स्वतः नंदुरबारला आले, सांगाड्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवले. "तठे दाबनार नही," एवढंच म्हणाले. मग दर सोमवारी हेच. असा हेकट माणूस मी पाहिला नव्हता. फक्त तो येताना खांडबाऱ्याच्या बाजारातली सीताफळं आणायचा, त्यामुळे राग धरणं कठीण जायचं.

तिसऱ्या की चौथ्या सोमवारी त्यांनी हाताचा खुलासा केला. बापू मूळचे सारंगखेड्याचे. वडील घोड्यांची दलाली करायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातात हात देत, वरून रुमाल टाकत आणि बोटं दाबून बोली करत. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांपलीकडे कोणाला कळत नसे. एका वर्षी वडील तापाने पडले म्हणून घरची घोडी विकायला सोळा वर्षांचे बापू उभे राहिले. गिऱ्हाईक समोर गोड बोलत होतं, गर्दी अंगावर आली होती. रुमाल पडला, हात हातात आला, बापूंनी घरातून सांगितलेला अगदी शेवटचा भाव बोटांनी सांगून टाकला. रुमाल उचलला तर हात गिऱ्हाइकाचा नव्हताच. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच दलालाचा होता, आणि त्याने तो आकडा फोडला.

"रुमाल व्हता. बठ्ठं झाकेल बी व्हतं," बापू म्हणाले. "पन हात दुसराना व्हता. घोडी मातीमोल गयी. आते तू सांगस, झाकेल शे, घाबरू नका. झाकेल शे हाई माले बी दखास. मी इचारस, हात कोना शे?"

मी सांगाड्याकडे पाहत बसलो. शहरात जाऊन मी दोन अभ्यासक्रम केले होते, जाड जाड पुस्तकं वाचली होती, आणि सर्टिफिकेट नेमकं कशासाठी असतं हे मला घोड्याच्या बाजारातून आलेल्या माणसाने एका वाक्यात सांगितलं. झाकणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. मी नुसता रुमाल पुरवत होतो. मी त्यांना म्हणालो, "बापू, आपलाच दाखलावर आपलीच सही चालस नही, हाई माले ठाऊक शे. आळस करा मी." त्याच महिन्यात मी बाहेरच्या मान्यवर संस्थेकडून सहीचा दाखला आणला.

पुढच्या काळात माझं बऱ्यापैकी नाव झालं, दाखल्यांचा वैद्य म्हणून. धडगावकडच्या एका शाळेत लाल पाटी काही केल्या जाईना. जीपने चार तास हाडं खिळखिळी करत पोचलो, तर त्या संगणकाच्या घड्याळाची बॅटरी मेलेली. वीज गेली की तो वीस वर्षं मागे जायचा, आणि माझा दाखला त्याच्या मते अजून जन्मायचा होता. तिथले गुरुजी फळ्यावर तारीख लिहिली की लगेच संगणकालाही तारीख सांगायचे, कधी विसरायचे. नंदुरबारातल्या एका मारवाडी कापड दुकानदारांच्या वेबसाइटचं काम मी ओळखीखातर केलं होतं. दाखला आला म्हटल्यावर शेठजी म्हणाले, "पाटीलभाऊ, आला ना? मग द्या इकडे, लॅमिनेशन करून लायसनच्या बाजूला टांगतो. दुकानात येणाऱ्याला दिसायला तर पाहिजे!" मी त्यांना पडद्यावर पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढंच?"

बापूंना मात्र एवढंच पुरेसं होतं. ते कुलपावर टिचकी मारून आत जायचे, नाव वाचायचे, सही वाचायचे, मुदत वाचायचे. त्यांच्या टेबलामागच्या कॅलेंडरवर मुलींच्या परीक्षांच्या तारखा असायच्या, आणि त्यांच्याच शेजारी लाल शाईने माझ्या सर्टिफिकेटची मुदत. मुदत संपायच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन यायचा, "पाटील, दाखला दख." नंतर मुदतही तीन-तीन महिन्यांची झाली आणि फोनही वाढले. मला याचा कंटाळा यायचा, हे आज कबूल करतो. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मुदत संपत आली की तो आपणहून नवा दाखला आणायचा. आबासाहेबांना मी ऐटीत सांगितलं, "साहेब, आता माणूस विसरला तरी यंत्र विसरणार नाही." त्यांनी हे वाक्य पुढच्याच सभेत सगळ्यांना ऐकवलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

बापूंना मी सांगून टाकलं, आता फोन करायची गरज नाही.

त्यानंतर जेमतेम तीन महिने झाले असतील. खांडबाऱ्याच्या शाळेतल्या बारावी झालेल्या अकरा मुलींना बाहेरच्या जिल्ह्यातलं एक नर्सिंग महाविद्यालय प्रवेश देणार होतं. यादी आणि कागद संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरूनच यायला हवे होते, दुपारी एकच्या आत. बापूंनी दोन आठवडे या अकरा मुलींच्या मागे लागून कागद गोळा केले होते. कोणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली म्हणून तिच्या बापाला तीनदा तहसीलला पाठवलं होतं. शेवटचा कागद त्याच दिवशी सकाळी आला. साडेदहाला माझा फोन वाजला.

"पाटील, लाल पाटी उनी."

मी म्हणालो, "बापू, तुम्हना घड्याळनी बॅटरी गयी व्हई."

"मन्हं घड्याळ बरोबर शे. कालदिन मुदत सरनी. तू येकदाव दख."

मी पाहायला हवं होतं. खुर्ची फिरवली असती तरी दिसलं असतं. पण यंत्र विसरत नाही असं मी भरसभेत बोलून बसलो होतो. मी म्हणालो, "काही सरेल नही. पुढे जा म्हना नि यादी धाडा. एक वाजता बंद शे."

"मुदत सरेल दाखला म्हंजे दाखला नही," बापू शांतपणे म्हणाले. "या पोरीस्ना उत्पन्नना दाखलानी मुदत सरनी तव्हय कोनी त्यास्ले म्हने का, तरीही पुढे जा?"

माझा तोल गेला. मी ओरडलो, "घोडाना बाजार शे का हाऊ? तुम्हना हट्टपायी अकरा पोरीस्नं वाटोळं व्हई!"

पलीकडे कागद पिशवीत भरल्याची सळसळ ऐकू आली. मग ते म्हणाले, "मी येस कागद लिसन," आणि फोन ठेवला.

तेव्हा मी खुर्ची फिरवली. सर्व्हर उघडून पाहिला. प्रोग्रामने नवा दाखला आणून कपाटात ठेवला होता, पण दारावर बसलेल्या सेवेच्या, म्हणजे पत्रांची ये-जा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात अजून जुनाच होता. नवा हातात घे, असं तिला सांगणारी एक ओळ लागते. ती मी लिहायलाच विसरलो होतो. ती सेवा बंद करून चालू केली, दोन मिनिटांचं काम. लाल पाटी गेली. बाकीच्या एकवीस शाळांनी सकाळपासून तक्रार का केली नव्हती, हेही नोंदींत दिसलं. सगळे बिनदिक्कत 'तरीही पुढे जा' दाबत होते. माझं जुनं परिपत्रक अजून भिंतीवर होतं.

खांडबाऱ्याला फोन लावला. बापूंचा मोबाइल त्यांच्या खणातच वाजत होता, तो शिपायाने उचलला. "बापू टेसनले गयात," तो म्हणाला. कागद बापूंच्या पिशवीत, संगणकाचा पासवर्ड बापूंच्या डोक्यात, आणि बापू गाडीत. ती गाडी नेमकी क्रॉसिंगला थांबली. एक वाजून गेला. आबासाहेबांना त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना फोन करावा लागला. उभ्या आयुष्यात कोणाची मनधरणी न केलेला तो माणूस "एवढी विनंती आहे" असं म्हणताना मी ऐकला. दोनपर्यंत थांबतो, असं तिकडून उत्तर आलं.

पावणेदोनला दहा मिनिटं कमी असताना बापू स्टेशनपासून चालत आले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, पिशवी छातीशी धरलेली. मी एकेक कागद स्कॅन केला, यादी रवाना केली. तिकडून पोच आली तेव्हा दोन वाजायला पाच मिनिटं होती. अकराच्या अकरा मुलींना प्रवेश मिळाला, तो आनंद वेगळा. पण गोष्ट तिथे संपली नाही.

आबासाहेब माझ्या खोलीत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. बापू स्टुलावर बसलेले, मी सर्व्हरसमोर. "पाटील," त्यांनी विचारलं, "सर्व्हर बिघडला होता का?"

मी म्हणालो, "साहेब, बाकी एकवीस शाळांचं काम सकाळपासून चालू आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून खोटं होतं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट पाहतात तसं पाहिलं. मी खाली मान घालून वायर सरळ करत बसलो. त्यांनी पिशवीची चेन लावली, खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं आणि उठले.

चार दिवसांनी बापूंना लेखी ताकीद गेली. 'कोणतेही तांत्रिक कारण नसताना हट्टाने विलंब केल्याबद्दल', आणि तिची नोंद सेवापुस्तकात. एकतीस वर्षांचं कोरं सेवापुस्तक. आमच्या संस्थेत कोऱ्या सेवापुस्तकाने निवृत्त होणाऱ्याचा वर्धापनदिनाला सपत्नीक सत्कार होतो, भरल्या मंडपात, आबासाहेबांच्या हस्ते. बापूंना दोन वर्षंच उरली होती आणि त्यांच्या मंडळींनी त्या दिवसासाठी पैठणी घेऊन ठेवली होती, हे मला माहीत होतं. ताकीद माझ्याच सर्व्हरवरून गेली. खांडबाऱ्याला या खेपेस लाल पाटी आली नाही. 'पोच मिळाली', दोन शब्दांचं उत्तर आलं.

मी जुनं परिपत्रक मागे घेतलं. नवं काढलं, 'लाल पाटी आल्यास थांबावे व कळवावे.' विसरलेली ओळ लिहिली. सगळं दुरुस्त केलं. एवढी एक गोष्ट सोडून. बापू निवृत्त झाले तेव्हा शाळेतच चहा-पोहे झाले, मंडप नव्हता. मी गेलो नाही. कामाचं कारण सांगितलं.

मी निवृत्त झालो त्यानंतरच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. घोडा घ्यायचा नव्हता, पाय तिकडे वळले एवढंच. घोड्यांच्या रांगेत एका पांढऱ्या घोडीचे दात पाहत बापू उभे होते. केस पिकलेले, रुमाल तोच. मला पाहून हसले, जणू मागच्या सोमवारीच भेटलो होतो.

"ये पाटील, सौदा करू," म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन वरून रुमाल टाकला.

त्यांचा हात खरखरीत होता आणि गरम. इतकी वर्षं तोंडातून न निघालेलं तिथे घोड्यांच्या खिंकाळण्यात निघालं. "बापू, त्या दिन चूक मन्ही व्हती."

"माले ठाऊक शे. कॅलेंडरवर लिखेल व्हतं."

"मंग आबासाहेबस्ले सांगं कसाले नही? तुम्हीन तठेच बठेल व्हतात."

बापूंनी रुमालाखाली माझी बोटं जरा दाबली. "मी सांगतू, ते मन्ही सही व्हती. आपलाच दाखलावर आपलीच सही चालस का? तूच सांगेल शे." मग घोडीकडे बघत म्हणाले, "सही तुन्ही पाहिजे व्हती. मी वाट दखी."

मला तिथे रडू आलं, ते लपवत नाही. ते हात सोडेनात आणि मीही सोडवून घेतला नाही.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी ही गोष्ट निवडली, कारण हा अंक आमच्या संस्थेच्या बावीसही शाळांत जातो आणि आबासाहेब तो पहिल्या पानापासून वाचतात. अंक निघायच्या आधी मी त्यांना भेटून सगळं सांगितलंही आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "लेखी द्या" म्हणाले. ते असं दिलं:

दाखला देण्यात येतो की, खांडबारा येथील कन्याशाळेचे निवृत्त लिपिक श्री. आत्मारामबापू यांनी त्या दिवशी लाल पाटी पाहून काम थांबवले ते बरोबर केले. बिघाड सर्व्हरमध्ये होता. तो माझ्या चुकीने झाला होता, आणि विचारले असता मी तो लपवला. सही माझी. मुदत घातलेली नाही.